अकरा बाळोती आणि पंधरा गडी

दोरीवर सहा बाळोती वाळत पडली होती, सातवं अर्धं पिळून हातात होतं आणि चार अजून बादलीतच होती, एवढ्यात रस्त्यावर मुकादमाच्या सायकलची घंटी वाजली. हौशीराम हुलावळे हातातल्या बाळोत्यासकट गोठ्यात शिरला. सायकल धरणाच्या अंगाला निघून गेली, तरी तो बाहेर येईना. मी कुंपणापलीकडून म्हटलं, "ये बाहेर, गेला तो." आतून आवाज आला, "काकू, बाळोतं म्हशीनं धरलंय."

माझी रोजची वही आहे. पानावर आधी श्रीराम लिहायचं, मग दिवसभरात काय झालं ते. सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षातल्या मंगळवारच्या पानावर पहिली ओळ म्हशीचीच आहे. पुढच्या सव्वा महिन्यात हौशीरामने माझी इतकी पानं खाल्ली की मला संक्रांतीला नवी वही घ्यावी लागली. त्यातलं वेचून इथे मांडते.

हौशीराम आमच्या वलवणचाच. अठ्ठावीस वर्षांचा असेल. अंगाने लांबुडका आणि बोलायला इतका थोडा की दारात उभा राहिला तरी आपणच विचारावं, काय रे, काय हवंय. गावाबाहेर खोक्यांचा कारखाना आहे, तिथे तो करवतीवर होता. देहूरोडच्या लष्करी डेपोला बुटांची खोकी तिथून जातात. पाच वर्षं झाली तरी तो टेंपरवारीच. पौषात कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती आणि तोवर ज्याचा बिनमंजुरीचा एक जरी खाडा पडेल त्याचं नाव कटणार होतं.

नेमकी त्याच मार्गशीर्षात, एका गुरुवारी, त्याची बायको नंदा बाळंत झाली. मुलगा.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. ती आठव्या दिवशी गेली. नंदा तापात निपचित, घरात दुसरं बाईमाणूस नाही, दोघांच्याही आया वारलेल्या, आणि हौशीराम कारखान्यात खिळे ठोकत होता. तेव्हा तो खिळ्यांवर असे. त्याविषयी तो कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. नंदाला पुन्हा दिवस गेले तेव्हा मात्र कुंपणाशी येऊन म्हणाला, "काकू, ह्या येळंला सव्वा महिना मी घरातनं हलायचा न्हाई." नोकरी गेली तर काय, हे मी विचारलं नाही. ते नंदाने आधीच विचारलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, शेजारीण असून मी काय करत होते. माझे मार्गशीर्षातले गुरुवार होते. बाळंतिणीच्या खोलीत शिवाशिव झाली की पूजेला बसता येत नाही. मी खिमट आणि लापशी करून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून येत असे. सकाळी वरच्या ठाकरवाडीतून भागूबाई सुईण यायची, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून दुपारच्या आत परत जायची. मग संध्याकाळपर्यंत नंदा आणि ते लेकरू. तिसऱ्या दिवशी नंदाला ताप भरला, पाय सुजले. दुपारी मी कुंपणाशी उभी राहून पोराचं रडणं ऐकत होते. आत पाऊल टाकलं नाही.

कारखान्याचे मॅनेजर मिलिटरीतून सुटून आलेले कोकणातले गृहस्थ. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. रजेचा छापील फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला होता. त्यात तीनच चौकटी. स्वतःचे आजारपण, स्वतःचे लग्न, नात्यातील मयत. बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हौशीराम टोपी हातात घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि बायको बाळंत झाल्याचं सांगितलं.

सुभेदारांनी विचारलं, "ती झाली की तू?"

शेडभर हशा पिकला. त्या दिवसापासून त्याचं नाव बाळंतीण पडलं. शनिवारी जेवायच्या सुटीत डबा उघडला तर भाकरीवर बाळंतशेपांची पुडी. त्याने ती खिशात घातली आणि घरी नंदाला नेऊन दिली. घरातल्या संपल्याच होत्या.

रविवारी तो माझ्या ओसरीवर आला. नेहमीसारखा उभाच. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, मला सोयर हाय का?"

घरात कुणी गेलं की सुतक, तसं जन्म झाला की सोयर. दहा दिवस देवाला शिवायचं नाही. मी म्हटलं, "अरे, बापाला तर सगळ्यात आधी."

"मंग मी करवतीला कसा शिवू?"

मला आधी कळलं नाही. मग त्याने फळ्याचं सांगितलं. आदल्या वर्षी एकाचं बोट करवतीत गेलं होतं. त्याला चुलत्याचं सुतक होतं हे मागाहून कळलं. करवतीवर मारुतीची तसबीर, रोज सकाळी तिला उदबत्ती, तेव्हा सुतकात शिवल्यानेच असं झालं हे सगळ्यांना पटलं. सुभेदारांनाही पटलं, किंवा पटलं नसलं तरी त्यांनी फळा लावला. 'ज्यास सुतक अथवा सोयर आहे त्याने यंत्रास स्पर्श करू नये. हुकुमावरून.' सुतकाच्या रजा त्यानंतर तीनदा मंजूर झाल्या होत्या. सोयर आहे म्हणून कुणी अर्ज केला नव्हता. कुणाला सुचलंच नव्हतं.

सोमवारी हौशीराम कामावर गेला आणि करवतीपासून दोन हात लांब, हात मागे बांधून उभा राहिला. मुकादम ओरडला तेव्हा त्याने हनुवटीने फळा दाखवला. सुभेदार आले, त्यांनी स्वतःचा हुकूम दोनदा वाचला आणि विचारलं की मग शुक्रवार-शनिवार कसा शिवलास? तो म्हणाला, तेव्हा ठाऊक नव्हतं. मग आधी करवतीवर गोमूत्र शिंपडण्यात आलं. त्याला अर्धा तास गेला, कारण गाय सापडेना. त्यानंतर सुभेदारांनी फॉर्म काढला, 'नात्यातील मयत' मधलं मयत खोडलं, वर जन्म लिहिलं आणि दहा दिवसांची रजा मंजूर केली. जन्मापासून मोजून, म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत.

आता तुम्हाला गोठ्यातलं कळेल. रजा मंजूर होती, लपायचं काहीच कारण नव्हतं. पण सोयर पाळणं वेगळं आणि बाप्याने बाळोती धुणं वेगळं. मुकादमाने पाहिलं असतं तर कायमची यादी राहिली बाजूला, ह्याच्या नावाने शिमगा झाला असता. अकरा बाळोती होती त्याच्याकडे, नंदाच्या जुन्या लुगड्याची. एक म्हशीने धरलं, ते शेवटी सोडवलं. कडेला थोडं गेलं.

पण म्हशीपेक्षा मोठं संकट त्या वेळी कारखान्यात उभं होतं, हात मागे बांधून.

रखमाजी हुलावळे म्हणजे हौशीरामचा चुलतचुलता. पन्नाशीचा, चार मुलांचा बाप, भावकीत वडील. सोमवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की सोयर काय एकट्या बापाला लागत नाही, सात पिढ्यांपर्यंतच्या भावकीला लागतं, आणि आपण तर तिसऱ्या पिढीतले. बत्तीस माणसांच्या कारखान्यात हौशीराम सोडून चौदा हुलावळे होते. मंगळवारी सकाळी चौदाही जण यंत्रांपासून दोन हात लांब उभे. करवत बंद, रंधा बंद. शनिवारी देहूरोडचा ट्रक चारशे खोकी न्यायला येणार होता. उरलेल्या सतरांनी काम सुरू करावं, तर तेही जेवायच्या सुटीत आपापल्या भावकीत कोण पोटुशी आहे ह्याचा हिशेब लावत बसले.

सुभेदार भडकले. म्हणाले, सोयराच्या सगळ्या रजा रद्द. हौशीरामचीसुद्धा. उद्यापासून जो येणार नाही त्याचा खाडा. एवढं बोलले आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की ह्यातलं खरं-खोटं पोस्टातल्या काकूंच्या पंचांगात कळेल. आमचे हे पोस्टात, म्हणून मी पोस्टातल्या काकू.

मंगळवारी दिवेलागणीच्या आधी सुभेदार आमच्या ओसरीवर आले. खाकी अर्धी चड्डी, वर गरम कोट. मी चहा ठेवला. त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, भावकीला सोयर असतं की नसतं? हो किंवा नाही."

पंचांग माझ्या मांडीवर होतं. पंचांग मांडीवर घेऊन मी खोटं कसं बोलू? म्हटलं, असतं. दहा दिवस.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, मग कारखान्याला टाळंच लावतो. कुंपणापलीकडे हौशीराम बादलीजवळ बसला होता. पाणी खळबळायचा आवाज थांबला होता, म्हणजे तो ऐकत होता. मी पंचांगाचं पान उलटलं. मग जे खरं होतं तेच, पण जरा पुढचं सांगितलं. भावकीचं सोयर देवापुरतं. बाळंतिणीचं जो करतो, तिच्या नि बाळाच्या कपड्यांना जो शिवतो, त्याचं सोयर निराळं. त्याने कशालाच शिवायचं नाही.

"म्हणजे जो बाळोती धुतो तो?"

मी हो म्हटलं. सुभेदारांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. रात्र पडायच्या आत फळ्यावर नवी ओळ आली. 'जो बाळोती धुवील त्याचेच सोयर खरे धरले जाईल. हुकुमावरून.' आणि खाली, की उद्या सकाळी सात वाजता हौशीराम हुलावळे याच्या अंगणात तपासणी होईल.

त्यांचा अंदाज असा की हुलावळ्यांचा एकही गडी येणार नाही. चौदाही आले. रखमाजीने सांगितलं होतं, "एक बाळोतं आन् शनवारपातुर रजा. काय वाईट हाय?"

बुधवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तिथून सगळं दिसत होतं. घोंगड्या पांघरलेले चौदा बाप्ये अंगणात ओळीने उकिडवे बसलेले. हातात घड्याळ घेऊन सुभेदार. रात्रीची धुवायची बाळोती निघाली सात. हौशीराम बादलीवर हात ठेवून बसला, म्हणाला, माझी आहेत. रखमाजी म्हणाला, पोर भावकीचं आहे, एकट्याचं नाही. सुभेदारांनी वाटणी करायचा हुकूम दिला. मग दोघांत एक असं वाटप झालं. दोन टोकांना दोघे धरून पिळायला लागले, आणि पिळताना एकाने उजवीकडे पीळ दिला की समोरचाही उजवीकडेच द्यायचा, त्यामुळे पाणी निघेना, दोघेच वाकडे व्हायला लागले. एकाने तर साबण लावायच्या आधीच बाळोतं दोरीवर टाकलं. सुभेदारांनी ते काढायला लावलं आणि डायरीत त्याच्या नावापुढे फुली मारली.

सात बाळोती धुऊन झाली. पण त्यांनी प्रत्येकी अर्धंच धुतलं, तेव्हा सोयरही अर्धंच धरायचं का, असा प्रश्न सुभेदारांनीच काढला. रखमाजी म्हणाला, उरलेलं अर्धं आम्ही धुऊ. पण आता धुवायला होतं कुठे? सगळे पुन्हा उकिडवे बसले आणि पोर ओलं करायची वाट बघू लागले. हौशीराम पोराला मांडीवर घेऊन दारात बसला होता. पोर गाढ झोपलेलं, कोरडं ठणठणीत. चौदा जणांचे डोळे त्याच्यावर. सुभेदारांचं घड्याळ चाललेलं.

तेवढ्यात भागूबाई सुईण वाडीतून खाली उतरली. अंगणात एवढे बाप्ये गप्प बसलेले बघून ती आत न जाता कुंपणाशी आली. मला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

मी म्हटलं कुणी नाही, सोयर आहे. ती म्हणाली, "येवढं?"

तिच्यामागे गावातल्या बायका आल्या. पाण्याला निघालेल्या, डोक्यावर हंडे. त्यांत रखमाजीची बायको झुंबरबाई. तिने हंडा उतरवला, नवऱ्याच्या हातांकडे बघितलं, त्याच्या हाताला अजून साबण होता, आणि म्हणाली, "आमच्या चौघांच्या येळंला ह्ये सोयर कुटं गेलतं?"

रखमाजीने साबणाचे हात धोतराला पुसले. सुभेदारसुद्धा त्याच्याकडे बघत राहिले, जणू उत्तर डायरीत लिहून घ्यायचं होतं.

झुंबरबाई म्हणाली, "धुवायचंच हाय ना? घरी थोरलीच्या पोराची हाईत धा-बारा. आनते." आणि खरंच गेली. बाकीच्याही हंडे तिथेच ठेवून गेल्या आणि एकेक गाठोडं घेऊन आल्या. कुणाच्या नातवाची, कुणाच्या पुतणीची, एकीने तर सरळ घरातली चादर आणली. सुभेदारांना त्या म्हणाल्या, साहेब, फळ्यावर कुणाची बाळोती ते लिहिलेलं नाही. सुभेदारांनी डायरी उघडून बघितलं. नव्हतं लिहिलेलं.

एकाला आठवलं की त्याचा रंधा उघडा राहिलाय. दुसऱ्याला वाटलं आपण हुलावळे खरे, पण सात पिढ्यांच्या पलीकडचे. पावणेआठला करवतीचा आवाज गावापर्यंत आला. तेरा गडी कामावर होते. रखमाजी तेवढा अंगणात राहिला, कारण झुंबरबाई त्याच्या वहाणांवर बसली होती. दुपारपर्यंत त्याने सव्वीस धुतली.

दुसऱ्या दिवशी आठवा दिवस. गुरुवार. मी चौरंग मांडला, कलशाला नारळ लावला, हार घातला. पलीकडे हौशीराम सकाळपासून पोराला मांडीवरून खाली ठेवत नव्हता. भागूबाईने न्हाऊ घालायला मागितलं तर दिलं नाही. पोर शिंकलं की तिला हाक मारी. दुपारी ती गेल्यावर नंदाला हुडहुडी भरली. तिला पांघरूण घालायचं तर पोर खाली ठेवायला हवं, आणि ते तर तो ठेवेना. तसाच एका हाताने गोधडी ओढत होता. मी चौरंगापुढून उठले, त्यांच्या घरात गेले आणि पोर मागितलं. त्याने माझ्याकडे, मग माझ्या सोवळ्याकडे बघितलं आणि पोर दिलं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते. त्या तारखेच्या पानावर श्रीराम लिहिलेलं आहे, पुढे काही नाही. पूजा राहिली त्याबद्दल मी देवीला विचारलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

नववा दिवस उजाडला. पोर रडलं, हौशीराम हसला. तो हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

दहा दिवस सरले. नंदाचा ताप एक दिवसाआड येतच होता, उभी राहिली की भिंत धरी. रविवारी मुकादम चिठ्ठी देऊन गेला, सोयर संपले, सोमवारी हजर व्हावे. ह्या वेळी हौशीराम गोठ्यात लपला नाही. सोमवारी मला पोराकडे बसवून तो कारखान्यात गेला. गेला तो हातात ओलं बाळोतं घेऊन, खांद्यावर नाही, पिशवीत नाही, सगळ्यांना दिसेल असं हातात. पुढचं मला रखमाजीने सांगितलं.

हौशीराम फळ्यापुढे जाऊन उभा राहिला. पाणी टपकत होतं. म्हणाला, "साहेब, फळ्यावं दिस लिवल्यालं न्हाईत. धुवील त्याचं सोयर. मी आज बी धुतलंय."

सुभेदारांनी फळा वाचला. मुकादम पुढे होऊन म्हणाला, पुसून टाकू का? सुभेदारांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे झाला. मिलिटरीत दिलेला हुकूम पुसत नसावेत. त्यांनी विचारलं, किती दिवस धुणार आहेस. हौशीराम म्हणाला, सव्वा महिना. मग नंदा उठेल.

"आणि नाही सोडलं तर?"

"तरी धुनार. पैली आठव्या दिशी गेली, साहेब. मी हितं हुतो. खिळं ठोकत."

शेडमध्ये कुणी हसलं नाही, असं रखमाजी म्हणाला. सुभेदार बाळोत्याजवळ आले. त्याची म्हशीने खाल्लेली कड त्यांनी बोटाने चाचपली आणि हे काय म्हणून विचारलं. म्हैस, असं हौशीरामने सांगितलं. त्यांनी ते डायरीत लिहिलं, का ते देव जाणे. मग फॉर्म काढून सव्वा महिन्याची रजा मंजूर केली. मंजूर रजा म्हणजे खाडा नाही, यादीतलं नाव राहील. पण करवत एवढे दिवस रिकामी ठेवता येणार नाही, तिथे दुसरा माणूस लागेल, आणि परत आल्यावर पुन्हा खिळ्यांवर बसावं लागेल. करवतीवर पोचायला त्याला तीन वर्षं लागली होती. त्याने बाळोतं दुसऱ्या हातात घेतलं आणि सही केली.

पौषात यादी लागली. हौशीराम हुलावळे सगळ्यात शेवटी, कायम. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, सोयर. नंदा तिळगूळ घेऊन माझ्याकडे आली ती स्वतःच्या पायांनी, भिंत न धरता. कारखान्यात त्याला अजून बाळंतीण म्हणतात, पण आता कामाचं बोलायचं असलं तरी त्याच नावाने हाक मारतात, त्यामुळे त्यात पहिल्यासारखी मजा उरलेली नाही. रजेचे फॉर्म नवे छापून आलेत. चौथी चौकट आहे, 'नात्यातील जन्म', आणि कंसात 'स्वतः धुणाऱ्यासच'. परवा जेवायच्या सुटीत रखमाजी हौशीरामच्या शेजारी येऊन बसला आणि इकडेतिकडे बघून विचारता झाला, "त्ये पिवळं डाग कशानं जात्यात रं?" हौशीराम म्हणाला, उन्हाने.

आज त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे. सकाळी पोराला दुपट्यात गुंडाळून, काखेला दोन कोरडी बाळोती मारून, तो देवीची लस टोचून घ्यायला लोणावळ्याच्या दवाखान्यात गेला.